रॉडची साक्ष: जुन्या जॅग्वार इंजिनाची उलटतपासणी

#थ्रेड

१/ इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, नाणी, बखरी आठवतात. आज एका पोलादी साधनाची ओळख करून घेऊ. जुन्या स्पोर्ट्स कारचे इंजिन नव्याने बांधताना कारागीर ज्याची कसून तपासणी करतो, तो कनेक्टिंग रॉड. प्रश्न एकच असतो: जुना रॉड ठेवावा की टाकावा?

२/ उदाहरण जॅग्वारच्या ‘एक्सके’ इंजिनाचे घेऊ. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरावर जर्मन बाँब पडत होते. आगीवर लक्ष ठेवण्यासाठी कारखान्यात रात्रीचा पहारा असे. विल्यम हेन्स, वॉल्टर हॅसन आणि क्लॉड बेली हे अभियंते त्या पहाऱ्यावर असताना युद्धोत्तर काळातील इंजिनाचा विचार करीत.

३/ त्या रात्रींचे फळ १९४८ च्या लंडन मोटार प्रदर्शनात ‘एक्सके १२०’ या गाडीतून जगापुढे आले. सहा सिलिंडर, ३४४२ घन सेंटिमीटर क्षमता, १०६ मिलिमीटरचा स्ट्रोक. १९६१ ची ई-टाइप धावली तीही याच घराण्यातील इंजिनावर.

४/ पिस्टनच्या वरखाली जाण्याचे क्रँकशाफ्टच्या फिरण्यात रूपांतर करतो तो रॉड. मिनिटाला ५५०० फेरे होत असताना पिस्टन सेकंदाला सुमारे १८३ वेळा थांबून उलटा वळतो. गणित मांडले, तर वरच्या टोकाशी त्याचे त्वरण गुरुत्वाच्या दोन हजार पटींहून अधिक भरते. एक किलो वजन असे मागे खेचायचे, तर रॉडवर दोन टनांहून अधिक ताण येतो.

५/ असा ताण पुन्हा पुन्हा आला की धातू थकतो. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटला आणि पन्नासहून अधिक माणसे प्राणास मुकली. नेहमीच्याच भाराखाली लोखंड तुटावे, हे कोडे त्या काळच्या अभियंत्यांना छळू लागले.

६/ प्रशियाच्या रेल्वेतील ऑगस्ट व्योलर यांनी वर्षानुवर्षे आसांवर प्रयोग केले. एकदाच दिला असता सहज पेलवणारा भार लाखो वेळा दिला, तर पोलाद तुटू शकते. मात्र ताण एका मर्यादेखाली राहिला, तर ते जवळजवळ अनंत काळ टिकते. म्हणून साठ वर्षांचा रॉडही निरोगी असू शकतो. महत्त्व वयाला नाही, त्याने काय सोसले याला आहे.

७/ काय सोसले, हे कळावे कसे? अमेरिकेत विल्यम होक यांना चुंबकाने धरलेल्या पोलादी तुकड्यांवर लोहकण चिरांच्या रेषेत गोळा होताना दिसले. १९२२ साली त्यांना या पद्धतीचे पेटंट मिळाले. आजही रॉड चुंबकित करून त्यावर लोहचूर्ण सोडतात. डोळ्यांना न दिसणारी चीर रेष होऊन उमटते. चुंबकरेषांना समांतर असलेली चीर मात्र निसटते, म्हणून तपासणी दोन दिशांनी करावी लागते.

८/ मग मापे. रॉड वाकला वा पिळला आहे का? बोल्ट ठरलेल्या जोराने आवळल्यावर मोठ्या टोकाचे भोक गोल राहते की लंबगोल होते? सहाही रॉडांची वजने जुळतात का? रॉड व त्याची कॅप यांवर ठोकलेले क्रमांक एकच आहेत ना? दोन्ही एकत्र कातलेली असतात, अदलाबदल चालत नाही. बोल्ट मात्र नवेच घालावेत.

९/ मोठ्या टोकाशी निळसर झाक दिसली, तर तेल कमी पडून तेथे प्रचंड उष्णता निर्माण झाली होती असे समजावे. १९५१ च्या ल माँ शर्यतीत जॅग्वारच्या तीन सी-टाइप गाड्या उतरल्या. तेलाचा दाब गेल्याने दोन बाद झाल्या. तिसरी पीटर वॉकर व पीटर व्हाइटहेड यांनी जिंकून दिली.

१०/ एवढा खटाटोप कशासाठी? चालत्या इंजिनात तुटलेला रॉड ब्लॉकला भोक पाडून बाहेर येऊ शकतो. इंजिनाचा मूळ क्रमांक त्याच ब्लॉकवर कोरलेला असतो. ब्लॉक गेला की गाडीच्या अस्सलपणाचा मोठा पुरावाही गेला.

११/ म्हणून चीर सापडलेला मूळ रॉड अस्सल आहे या मोहाने परत बसवू नये. त्याला लेबल लावून फळीवर ठेवावे आणि इंजिनात नवा घालावा. आणि जो जुना रॉड सर्व कसोट्यांना उतरला, त्याला केवळ जुना म्हणून भंगारात काढू नये. साधन जुने आहे म्हणून ते खरे मानू नये आणि खोटेही ठरवू नये. आधी तपासावे. बखरीलाही हाच नियम लागू आहे.

(समाप्त)