सातारच्या लोखंडाचा जमाखर्च

महाबळेश्वरच्या जांभ्या पठारावर आणि जावळीच्या रानात धावड नावाचे मुसलमान कारागीर एके काळी मातीच्या भट्ट्यांत लोहदगड व लाकडी कोळसा घालून, भात्यांच्या वाऱ्याने लोखंड गाळीत असत. परंतु १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या सातारा गॅझेटियरने या धंद्याची नोंद घेतली, तोवर विलायती लोखंडाची स्वस्ताई आणि जळणाची महागाई यांच्या कचाट्यात सापडून तो लयाला गेला होता. बेसेमरच्या १८५६ च्या शोधाने इंग्लंडात पोलाद सवंग झाले, आणि इकडे जंगलखात्याचे निर्बंध कडक होत गेले. एकीकडून भाव उतरला, दुसरीकडून कोळसा दुर्मिळ झाला.

या स्थित्यंतराचा अभ्यास करू पाहणारा प्रथम मुंबई बंदराच्या आयातीचे वार्षिक तक्ते उघडतो, आणि तेथेच त्याने सावध व्हावयास हवे. धावडाचे लोखंड रानातून बाजारात आणि बाजारातून लोहाराच्या ऐरणीवर जाई. बंदरावरील जकातीच्या दप्तराशी त्याचा संबंध कधी आलाच नाही. म्हणून आयातीचा आकडा फुगला, तर तेवढ्याने कुणब्याच्या घरी लोखंड अधिक आले असे सिद्ध होत नाही. त्या वाढीचा काही अंश केवळ विझलेल्या भट्ट्यांची जागा भरून काढीत असतो. दुसरा सापळा किमतीचा. १८७३ नंतर चांदी घसरत गेली, आणि दोन शिलिंगांच्या आसपासचा रुपया शतक संपण्यापूर्वी सव्वा शिलिंगाच्याही खाली उतरला. तेव्हा त्या काळातील रुपयांच्या रकमा विनिमयाचा दर हाती न धरता वाचणे म्हणजे स्वतःची फसगत करून घेणे होय. वजनाचा रकाना त्या मानाने प्रामाणिक असतो, जरी देशी वह्यांतील मण आणि शेर पेठेगणिक बदलत असले, तरी.

तिसरी अडचण सरहद्दीची आहे, आणि माझ्या मते तीच सर्वांत उपेक्षित आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना उभारला तो औंधच्या पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने, म्हणजे संस्थानी मुलखात. लोखंडाने जमीन नासते असा ज्यांचा समज होता त्या शेतकऱ्यांच्या हाती लोखंडी नांगर देणारा, आणि पहिल्या महायुद्धात कच्चे बीड व दगडी कोळसा दुरापास्त झाला असता तग धरून राहिलेला हा उद्योग, ब्रिटिश सातारा जिल्ह्याच्या तक्त्यांत शोधू जाणाऱ्यास सापडणार नाही. औंध १९४८ साली विलीन झाले, पुढील वर्षी दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. एकाच कारखान्याचा इतिहास अशा रीतीने तीन दप्तरांत विखुरला.

उरतात ती खाजगी कागदपत्रे. सातारा, कराड, सांगली, मिरज येथील जुन्या लोखंड-व्यापाऱ्यांच्या घरी मोडी लिपीतील कीर्द-खतावण्या अद्याप असतील, तर त्यांतच गिऱ्हाईकाने प्रत्यक्ष मोजलेला भाव, उधारीची मुदत आणि गाडीभाडे यांचा तपशील मिळण्याचा संभव आहे. त्या वह्या रद्दीत घालू नयेत. कोल्हापूर किंवा पुणे येथील पुराभिलेखागाराकडे त्या सोपवाव्यात, अशी या घराण्यांना माझी कळकळीची विनंती आहे.