बंद पडणारी पद्मिनी आणि मिस्त्रींची विद्या

वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्यातल्या कारखान्यात तयार झालेली फियाट, म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी, अनेक दशकं मुंबईची टॅक्सी होती आणि वरचेवर बंदही पडायची. तिला चालू करणाऱ्या मिस्त्रींचं काम निव्वळ अंदाजाचं होतं, असं मानणं अन्यायाचं आहे. मिस्त्री आधी प्लगची वायर इंजिनाच्या लोखंडाजवळ धरून सेल्फ मारायला सांगे. ठिणगी निळी, ठसठशीत असेल तर करंट ठीक. पिवळट, मरतुकडी असेल तर संशय पॉइंटवर किंवा कंडेन्सरवर. मग कार्बोरेटरची नळी सोडून पंप पेट्रोल फेकतो का, ते पाहायचं. उन्हात तापून बंद पडलेल्या गाडीच्या पंपावर ओलं फडकं ठेवायचं. लगेच सुरू झाली तर पेट्रोलची वाफ अडकली होती, असं समजायचं. एकेक शक्यता तपासून बाद करायची, ही शास्त्राचीच रीत.

काही जण नुसते पार्ट बदलत बसत, हा आक्षेप खरा आहे. पण जुन्या, कमी किमतीच्या टॅक्सीत चुकीच्या पार्टचा खर्च आणि बुडालेला धंदा मालकाला परवडत नसे. म्हणूनच अचूक निदान करणाऱ्याचं नाव होई. इंजिन साधं होतं, हेही खरं. मात्र आजच्या गाड्यांतही स्कॅनर नुसता बिघाडाचा कोड दाखवतो; त्यामागचं कारण माणसालाच शोधावं लागतं. ऑक्टोबर 2023 अखेर पद्मिनी टॅक्सी मुंबईतून निवृत्त झाली. जुने मिस्त्री आहेत तोवर त्यांच्या विद्येची नोंद करून ठेवायला हवी.