वरियावच्या बायका आणि आजोबांचा कोट

मधे तलासरीला घरचं लग्न होतं, त्यामुळे चार दिवस डहाणूला मुक्काम पडला. रात्री अंथरुणं घातल्यावर पोराटोरांनी नेहमीप्रमाणे गोष्टीसाठी पिडलं. राजकन्या नको, राक्षस नको, "मारामारीची सांग" अशी भाचीची फर्माईश. म्हणून आजीच्या ठेवणीतली गोष्ट काढली, वरियावच्या पारशिणींची.

आमच्याकडे पारशांच्या गोष्टी कुठून आल्या, असं पुण्या-नागपूरचे वाचक विचारतील. अहो, संजाण आमच्या हद्दीला लागून आहे. संजाण पडल्यावर इराणशाहचा पवित्र अग्नी बोर्डीजवळच्या बहरोटच्या डोंगरात 12 वर्षं लपवून ठेवला होता, असं पारशी परंपरा सांगते. तो डोंगर डहाणू तालुक्यातलाच. त्यातून माझे आजोबा घोलवडला एका पारशी शेठच्या चिकूवाडीत मेहताजी होते. शेठच्या बायकोला सगळे मासी म्हणायचे. मासीने गोष्ट आजीला गुजरातीत सांगितली आणि आजीने आम्हाला मराठीत.

तर गोष्ट अशी. सुरतेजवळ तापीच्या काठी वरियाव. तिथल्या पारशांनी रतनपूरच्या राजाला जाचक खंडणी द्यायचं नाकारलं. राजाने फौज पाठवली, ती नेमकी पुरुषमंडळी गावाबाहेर गेलेली असताना. मग बायकांनीच नवऱ्यांची चिलखतं चढवली, केस शिरस्त्राणाखाली खोचले आणि घोड्यांवर बसून फौजेला सामोऱ्या गेल्या. फौजेची दाणादाण उडाली. आजीच्या गोष्टीत शत्रू पळून जायचा, बायका घरी यायच्या, चिलखतं खुंटीला अडकवायच्या आणि चुलीवर भात टाकायच्या. संपली गोष्ट. भात टाकल्याशिवाय आजी गोष्ट संपवायची नाही.

खरा शेवट मला कॉलेजात असताना पारशांच्या इतिहासावरच्या एका जुन्या पुस्तकात सापडला. लढाई जिंकत आलेली असताना एकीचं शिरस्त्राण पडतं, केस मोकळे सुटतात. आपण बायकांकडून मार खातोय हे कळल्यावर सैनिक चवताळून परत फिरतात, आणि हाती लागण्यापेक्षा बरं म्हणून त्या बायका तापीत उड्या घेतात. पारशी पंचांगातल्या फरवर्दिन महिन्याच्या अर्शिश्वंग रोजाला त्यांचं स्मरण करायची परंपरा आहे. मला त्या दिवशी आजीचा राग आला होता. इतकी वर्षं आम्हाला फसवलंन, असं वाटलं.

आता वाटतं, ही दंतकथा आहे, इतिहास म्हणून ती किती धरायची हा प्रश्न आहेच. शिरस्त्राण पडणं आणि केस सुटणं तर फार जुनं. फिर्दौसीने 1010 साली पूर्ण केलेल्या शाहनाम्यात गुर्दाफरीद अशीच चिलखत घालून सोहराबशी लढायला किल्ल्याबाहेर येते. तिचंही शिरस्त्राण निघतं, तिचेही केस दिसतात. पण ती मरत नाही! सोहराबला गोड बोलून किल्ल्याच्या दारापर्यंत आणते, स्वतः आत सटकते आणि दार लावून घेते. वर तटावरून त्याची टिंगल करते ती वेगळीच. म्हणजे आजीचा शेवट फिर्दौसीच्या जास्त जवळचा होता म्हणायचा. आजीची शाळा चौथीत सुटली, फिर्दौसी कोण हे तिला सांगूनही पटलं नसतं.

मराठी नाटकवाल्यांनाही या युक्तीचं वेड होतं, ते शेक्सपियरमुळे. विष्णु मोरेश्वर महाजनींनी सिम्बेलाइनवरून 'तारा' नाटक केलं (1879). त्यातली नायिका पुरुषवेष घेते, आणि तेव्हा नायिकेचं काम करायचा मुलगाच. म्हणजे मुलगा बाई झालेला, ती बाई पुन्हा मुलगा झालेली. नंतर बेळगावकर स्त्री संगीत मंडळीसारख्या कंपन्यांत उलटा प्रकार झाला, तिथे बायकाच मिशा लावून पुरुषांची कामं करू लागल्या. असो.

मला त्यातली आवडते ती पोर्शिया. 'मर्चंट ऑफ व्हेनिस'चं मराठी रूपांतर 1870 च्या दशकातलं, नाव 'स्त्रीन्यायचातुर्य'. नाटकाच्या नावातच बिंग फोडून ठेवलंय! पण कोर्टात उभं राहायचं तर पोर्शियाला वकिलाचा पुरुषी झगा चढवावा लागतो, आणि हे काही नुसतं नाटक नव्हतं. आपल्याकडे बाईला वकिली करायची कायद्याने मोकळीक मिळाली 1923 साली. त्यानंतर मुंबई हायकोर्टात उभी राहिलेली पहिली बाई, मिठन टाटा (पुढे लाम), पारशीच. 'स्त्रीन्यायचातुर्य' पाहून टाळ्या वाजवणाऱ्यांच्या नातींचा काळ येईपर्यंत खऱ्या पोर्शियाला दार बंदच होतं.

आणि आमच्या भागात आलेली बाईसुद्धा कायदा शिकलेलीच होती. गोदावरी परुळेकर, माहेरच्या गोखले. 23 मे 1945 ला तलासरीजवळ झरीला वारल्यांची परिषद भरली. तिथे ठरलं, वेठ करायची नाही आणि लग्नगडी राहायचं नाही. लग्नगडी म्हणजे लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढलं म्हणून जन्मभर त्याच्याकडे राबणारा. त्याच्या बायकोलाही त्याच्यासोबत राबावं लागे. गोदूताईंनी हे सगळं 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये लिहिलंय (1970, 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार). वाचलं नसेल तर वाचा.

आमच्या घरात ते पुस्तक नव्हतं. कारण उघड आहे, आजोबा मालकाच्या बाजूचे. हे लिहिताना थोडं जड जातंय, पण खोटं कशाला लिहू? गोदूताईंचं नाव आमच्याकडे हळू आवाजात निघायचं.

1946 साली गवत कापणीचा संप झाला. आजोबा चिकूच्या करंड्यांबरोबर मुंबईला गेले होते, ते कुठल्याशा कामात चार दिवस अडकले. शेठचं कुटुंबही मुंबईत. वाडीतल्या घरात आजी एकटी, बावीस वर्षांची, दोन लहान मुलं. वारली वाडीवर चालून येणार अशा अफवा रोज यायच्या. मग आजीने काय करावं? संध्याकाळ झाली की आजोबांचा काळा कोट अंगात, टोपीखाली अंबाडा, कंदील हातात, आणि आजोबांसारखी घसा खाकरत वाडीभर फेरी. तीन रात्री असं केलं. कोणी आलं नाही. कोणी येणारच नव्हतं, हे तिला नंतर कळलं.

हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. माझ्या मावशीला सांगितलं, तेही आजोबा गेल्यानंतर. (मावशी, वाचत असशील तर चुकलेलं दुरुस्त कर.) लग्नाच्या मुक्कामात मावशीने ते मला सांगितलं, आणि आजी भातावर का थांबायची ते मला कळलं असं वाटलं. मावशीचं म्हणणं, तसं काही नाही, रात्री पोरं घाबरून रडतील म्हणून थांबायची. असेल तसंही.

मावशीने आणखी एक सांगितलं. वाडीत कामाला येणारी एक वारली बाई होती, तिचा नवरा संपात. चौथ्या दिवशी सकाळी ती अंगणात आली, आजीकडे बघून हसली आणि म्हणाली, मेहताजींना खोकला फार झालाय, त्यांना आल्याचा काढा दे. मग झाडू घेऊन अंगण झाडायला लागली. आजोबा मुंबईत आहेत हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांचं सामान स्टेशनवर तिनेच पोचवलं होतं.

भाचीला मी त्या रात्री भातापर्यंतच सांगितली. ती म्हणाली, "आणि मग?" मी म्हटलं, मग जेवल्या. तर म्हणते, "भाताबरोबर काय होतं?" मी म्हटलं, बोंबील. ते तिला पटलं.