पायरिया नावाचा घोळ

दंतमंजनाच्या डबीवर ‘पायरियावर गुणकारी’ हे शब्द आपण लहानपणापासून वाचत आलो. बाजाराच्या दिवशी चादर पसरून मंजन विकणारा तर हा शब्द दर दोन मिनिटांनी उच्चारतो. मराठीत तो इतका मुरलाय की मुळात ग्रीक आहे म्हटलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. डायरियातला ‘रिया’ तोच इथला ‘रिया’: वाहणं. आणि ‘पायॉन’ म्हणजे पू. पू वाहतो तो पायरिया. फ्रान्समधल्या त्वाराक या दंतवैद्याने १८२३ मध्ये हिरडीच्या या दुखण्याला पुवावरून नाव दिलं, आणि १८७० च्या दशकात ते अमेरिकेत पोचलं. आज दंतवैद्यकाच्या पुस्तकात हा शब्द जवळपास सापडत नाही, तिथे ‘पेरिओडॉन्टायटिस’ म्हणतात. डॉक्टरांनी टाकलेला शब्द आपण मात्र जपून ठेवला, आणि माझ्या मते त्यानेच घोळ घातला. कारण पू येतो तो फार उशिरा. आधी येतं रक्त.

हे रक्त सुश्रुताने नेमकं टिपलं होतं. सुश्रुतसंहितेत तोंडाचे ६५ रोग मोजले आहेत, त्यांतले १५ दातांच्या मुळाशी, म्हणजे हिरडीत होणारे. त्यांतला पहिलाच ‘शीताद’: हिरडीतून काही कारण नसताना रक्त येतं, ती काळवंडते, मऊ पडते, घाण वास येतो आणि ती झडत जाते. पू आणि रक्त वाहून दात हलू लागले की त्याला वेगळं नाव, ‘दंतवेष्ट’. त्यावर उपाय म्हणजे आधी दूषित रक्त काढायचं आणि मग लोध्र, पतंग, ज्येष्ठमध आणि लाखेचं चूर्ण मधात कालवून हिरडीवर चोळायचं. दातावर साचून घट्ट झालेल्या थराला सुश्रुत ‘दंतशर्करा’ म्हणतो. ती दाताच्या मुळाला इजा न करता खरवडून काढावी, असंही बजावतो. त्यासाठी ‘दंतशंकु’ हे शस्त्रही त्याच्या यादीत आहे. फक्त एक दुवा निसटला. शर्करा गेली दातांच्या रोगांत आणि शीताद हिरडीच्या. दोन्ही एकाच घरचे, हे तिथे कुठे जोडलेलं दिसत नाही.

तो दुवा इसवी सन १००० च्या सुमारास स्पेनमधल्या कॉर्डोव्याच्या अल्-झहरावी या शल्यवैद्याने जोडला. दातावरच्या या थराने हिरडी नासते, असं त्याने लिहिलं आणि खरवडण्यासाठी १४ वेगवेगळ्या हत्यारांची चित्रं काढून दिली. एका बैठकीत थर निघाला नाही तर दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी पुन्हा बसवा, असंही सांगितलं. दंतवैद्य आजही तीन-चार वेळा बोलावतो तेव्हा आपण कुरकुरतो. ही तक्रार निदान हजार वर्षांची आहे.

तो थर म्हणजे आहे तरी काय, हे मात्र एका कापडविक्याने दाखवलं. हॉलंडमधल्या डेल्फ्टचा लेवेनहूक रोज मिठाने दात घासायचा, पिसाच्या काडीने फटी कोरायचा, फडक्याने दात पुसायचा. तरीही दातांमध्ये पिठासारखा पांढरा मळ राहतो हे पाहून त्याने तो स्वतःच घासलेल्या भिंगाखाली धरला. त्यात वळवळणारे जीव दिसले, आणि १६८३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला पाठवलेल्या पत्रात त्याने ते कळवलं. पण हिरडीच्या रोगाशी त्यांचा संबंध सिद्ध व्हायला पुढे जवळजवळ तीनशे वर्षं जावी लागली.

मधल्या काळातला मला सर्वांत आवडणारा माणूस म्हणजे अमेरिकेतल्या हार्टफर्डचा दंतवैद्य जॉन रिग्ज. ११ डिसेंबर १८४४ रोजी त्याने होरेस वेल्स या दुसऱ्या दंतवैद्याचा दात हसवणारा वायू देऊन काढला. बेशुद्ध करून दात काढण्याच्या इतिहासातला हा सुरुवातीचा क्षण. पण पुढे या गृहस्थाने आयुष्य घालवलं ते दात वाचवण्यात. त्या काळी हिरडी कापून टाकण्याची पद्धत होती. रिग्जने ती झिडकारली. हिरडीच्या आत, मुळापर्यंत जाऊन कीट, म्हणजे तो घट्ट थर, काढा, हिरडी आपसूक सावरते, हे त्याचं म्हणणं. या रोगाला तिकडे बराच काळ ‘रिग्जचा रोग’च म्हणत.

मग आला उलटा काळ. १९१० मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरने मॉन्ट्रियलच्या भाषणात तोंडातला जंतुसंसर्ग हे शरीरभरच्या दुखण्यांचं मूळ ठरवलं. संधिवात झाला, काढा दात. पोट बिघडलं, काढा दात. कित्येकांची बत्तिशी अशी विनाकारण गेली. जाहिरातवाल्यांनीही संधी साधली. फोरहान्सच्या टूथपेस्टने अमेरिकेत घोषणा दिली की पाचांतल्या चौघांना पायरिया आहे. तिथे ही भीती ओसरली, इथे शब्द राहिला.

खरा निकाल डेन्मार्कमधल्या आऱ्हुसला लागला. १९६५ मध्ये हॅराल्ड ल्योए आणि सहकाऱ्यांनी १२ निरोगी माणसांना, त्यांतले बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी, दात घासणं बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्याच हिरड्या लाल झाल्या, सुजल्या. ब्रश पुन्हा हातात आला आणि आठवड्याभरात त्या पूर्ववत. औषध नाही, मंजन नाही, काही नाही. मळाचा थर हेच कारण, यापेक्षा साधा पुरावा कुठला?

पण ल्योए तिथे थांबला नाही. श्रीलंकेच्या चहामळ्यांवर ४८० पुरुष मजुरांचा त्याने पंधरा वर्षं मागोवा घेतला. दंतवैद्य नाही, ब्रश नाही, प्रत्येकाच्या दातावर कीट, प्रत्येकाची हिरडी सुजलेली. तरीही सगळ्यांचं भवितव्य सारखं नव्हतं. सुमारे ८ टक्के लोकांची हिरडी आणि हाड झपाट्याने गेलं, ८१ टक्क्यांचं मध्यम गतीने आणि ११ टक्क्यांचं दुखणं हिरडीच्या सुजेपलीकडे गेलंच नाही. म्हणजे मळाला शरीर कसं उत्तर देतं यावरही बरंच अवलंबून. मधुमेह आणि तंबाखू ते उत्तर बिघडवतात. धूम्रपानाचा तर दगाफटका असा की त्याने हिरडीतला रक्तप्रवाह आवळतो आणि पहिली खूणच दिसेनाशी होते. रक्त येत नाही म्हणून माणूस निर्धास्त, आतून हाड झिजत असतं.

आज ही तपासणी कशी होते ते मी खुर्चीत पडून ऐकलंय. बारीक, बोथट टोकाची, मिलिमीटरच्या खुणा असलेली सळई दात आणि हिरडीच्या मधे अलगद सरकवत डॉक्टर आकडे सांगत जातात आणि मदतनीस ते लिहीत जाते: “तीन, दोन, तीन. दोन, दोन, तीन.” मग मागच्या दाढेशी आवाज जरा खाली आला: “पाच, चार, सहा. रक्त.” तीनपर्यंत ठीक, चारपासून पुढे खिसा. तो खिसा घरच्या ब्रशने साफ होत नाही, म्हणून आतून खरवडावा लागतो. रिग्ज करायचा तेच, आता बहुधा पाण्याच्या फवाऱ्यासह थरथरणाऱ्या यंत्राने.

“साफ केल्याने दात हलतात, फटी पडतात,” हे आपल्याकडे शंभरातले नव्वद जण सांगतील. मलाही घरून हेच ऐकायला मिळालं. वस्तुस्थिती उलटी आहे. हाड आधीच झिजलेलं असतं. गिलाव्यासारखं बसलेलं कीट आणि सुजलेली हिरडी ते झाकून असतात. कीट निघालं, सूज उतरली की फट उघडी पडते, थंड पाण्याने दात काही दिवस शिवशिवतात आणि आळ येतो डॉक्टरवर. मंजनाने मात्र हिरडीखालचं कीट निघत नाही, डबीवर काहीही छापलेलं असो.

तेव्हा पुवाची वाट पाहू नका. पेरूचा लचका तोडल्यावर पांढऱ्या गरावर लाल ठिपका दिसला, किंवा चूळ टाकताना फेस गुलाबी आला, तर ब्रश कडक आहे म्हणून सोडून देऊ नका. दोन आठवडे नीट घासूनही रक्त थांबलं नाही तर दंतवैद्याकडे जा, आणि ती सळई लावून आकडे मोजायला सांगा.