न्यायासनावरून निघालेले वॉरंट

अमेरिकेत मोटार भलत्या जागी उभी केली, तर पोलीस दंडाची चिठ्ठी लिहितो. चिठ्ठी कागदाची एवढीशी. परंतु ठरलेल्या तारखेस मनुष्य न्यायालयात उपस्थित राहिला नाही, तर न्यायाधीश आपल्या आसनावरूनच त्याला पकडून आणण्याची आज्ञा देऊ शकतो. या आज्ञेस तेथे ‘बेंच वॉरंट’ म्हणतात.

दंड भरण्याची ऐपत नसणे हा गुन्हा होऊ शकतो काय, हा प्रश्न ह्यूस्टनच्या प्रेस्टन टेट या निर्धन माणसाने उभा केला. वाहतुकीच्या नऊ अपराधांबद्दल त्याला ४२५ डॉलर दंड झाला होता. तो भरता येईना, तेव्हा दिवसाला पाच डॉलर या हिशेबाने त्याची ८५ दिवसांच्या कैदेवर रवानगी झाली. जेथे कायद्याने केवळ दंडच सांगितला आहे, तेथे निव्वळ दारिद्र्यामुळे त्याची कैद करता येणार नाही, असा निर्णय १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने दिला.

तथापि पळवाट उरलीच. दंड न भरणे निराळे आणि गैरहजर राहणे निराळे! मिसूरी राज्यातील फर्ग्युसन हे २०१० साली जेमतेम एकवीस हजार वस्तीचे नगर होते. तेथील अंदाजपत्रकात दंडाच्या उत्पन्नाचा आकडा आधीच मांडलेला असे. २००७ मध्ये तेथील एका कृष्णवर्णीय स्त्रीला मोटार एकदाच चुकीच्या जागी ठेवल्याबद्दल दोन चिठ्ठ्या आणि १५१ डॉलर दंड झाला. पुढे तिच्यावर गैरहजेरीचे सात आरोप आले, प्रत्येकाचा दंड वेगळा. तिने २५ आणि ५० डॉलरचे हप्ते देऊ केले, ते न्यायालयाने परत केले. दोनदा अटक, सहा दिवस कोठडी, ५५० डॉलरचा भरणा. आणि एवढे होऊनही २०१४ च्या अखेरीस तिच्या नावावर ५४१ डॉलर बाकी! सावकाराची चोपडी याहून सौम्य म्हणावी लागेल.

ऑगस्ट २०१४ मध्ये मायकेल ब्राऊन हा तरुण पोलिसाच्या गोळीने मारला गेला आणि नगर पेटले. मध्यवर्ती सरकारच्या न्यायखात्याने चौकशी केली, तेव्हा सोळा हजारांहून अधिक माणसांवर वॉरंटे बाकी असल्याचे आढळले. पैशावाचून हजर झाल्यास हमखास अटक होते, या समजुतीने कित्येक जण न्यायालयाची पायरीच चढत नसत. ही समजूत चुकीची आहे, हे मात्र न्यायालयाने त्यांना कळविले नव्हते.

ऑगस्ट २०१५ मध्ये नव्या न्यायाधीशाने ३१ डिसेंबर २०१४ पूर्वीची वॉरंटे मागे घेतली. खटले राहिले, त्यांना नव्या तारखा पडल्या, आणि दंड हप्त्यांनी भरण्याची किंवा त्याऐवजी लोकसेवेचे काम करण्याची मुभा मिळाली.