ब्रीवॉरिना: नदीतल्या दगडी सापळ्यांचं गाव

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात, सिडनीपासून साधारण 800 किलोमीटर आत, बारवॉन नदीच्या काठावर ब्रीवॉरिना नावाचं छोटं गाव आहे. स्थानिक लोक त्याला नुसतं 'ब्री' म्हणतात. हजारापेक्षा कमी वस्तीच्या या गावात निम्म्याहून जास्त लोक आदिवासी, म्हणजे अ‍ॅबोरिजिनल आहेत.

गावाची ओळख म्हणजे नदीपात्रातले मासे पकडायचे दगडी सापळे. यांना 'बायामीचं न्गुन्हू' म्हणतात. दुष्काळात न्गेंबा लोकांची उपासमार होत होती, तेव्हा सृष्टीकर्ता बायामी याने नदीवर आपलं जाळं फेकलं आणि त्याच्या दोन मुलांनी त्या नक्षीप्रमाणे दगड रचले, अशी कथा आहे.

सापळे चालायचे कसे?

सुमारे अर्धा किलोमीटर पात्रात चुना-माती न वापरता दगडांच्या वळणदार भिंती रचलेल्या आहेत. नदीला पाणी आलं की मासे प्रवाहाच्या उलट दिशेने वर सरकतात आणि भिंतींमधल्या तोंडातून आत येतात. मग दगड लावून तोंड बंद करायचं. भिंतींची उंची कमी-जास्त असल्यामुळे नदीची पातळी बदलली तरी कुठला ना कुठला सापळा उपयोगी पडायचा. कोणता सापळा कोणत्या कुटुंबाने सांभाळायचा हे ठरलेलं असे. देखभालीचा मान न्गेंबांचा, पण मासे सगळ्यांसाठी. मुरावारी, बार्किंजी, कामिलरोई अशा शेजारच्या जमाती इथे जमायच्या. लग्नं ठरायची, देवाणघेवाण व्हायची.

सोशल मीडियावर हे सापळे '40 हजार वर्षं जुने' किंवा 'मानवाने बांधलेली जगातली सर्वांत जुनी रचना' म्हणून फिरतात. प्रत्यक्षात त्यांचं नेमकं वय शास्त्रीय पद्धतीने ठरलेलं नाही. पुरात दगड हलतात, लोक ते पुन्हा रचतात, त्यामुळे ते ठरवणं अवघडच आहे.

नंतर काय झालं?

गोऱ्या वसाहतवाल्यांनी इथले दगड घरांच्या पायासाठी उचलले. वाफेच्या बोटींना वाट करून देण्यासाठीही काही हटवले. पुढे पाणीपुरवठ्यासाठी इथेच बंधारा झाला, त्यात आणखी भाग गेला.

माणसांचे हाल याहून वाईट. 1886 ते 1966 या काळात गावाजवळ सरकारी 'मिशन' होतं. नाव मिशन, पण हुकूम सरकारी व्यवस्थापकाचा. 1936 मध्ये अँगलडूलहून आणि 1938 मध्ये टिबूबुराहून आदिवासी कुटुंबांना त्यांच्या मुलखातून उचलून इथे आणलं गेलं. ऑगस्ट 1987 मध्ये गावातल्या पोलीस कोठडीत 28 वर्षांच्या एका आदिवासी तरुणाचा मृत्यू झाला. देशभर संताप उसळला आणि काही दिवसांतच कोठडीतल्या आदिवासींच्या मृत्यूंच्या चौकशीसाठी रॉयल कमिशन जाहीर झालं. त्याचा अहवाल 1991 मध्ये आला.

सापळ्यांना 2005 मध्ये राष्ट्रीय वारसा यादीत स्थान मिळालं. पण सापळा पाण्यावर चालतो. नदीच्या वरच्या भागात कापसासारख्या पिकांसाठी पाणी उपसलं जातं, त्यात दुष्काळाची भर. 2018-19 मध्ये तर बारवॉनचं पात्र ठिकठिकाणी कोरडं पडलं होतं.