अभिषेक कोणाला, वस्त्रे कोणाला

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर पाहुणे उभे राहिले की आम्ही पेठकर एक गोष्ट हटकून सांगतो: इथे राजा राहत नव्हता. दरबार इथे भरायचा, फौजा इथून हलायच्या, पण अभिषेक झालेले छत्रपती साताऱ्यात. पेशव्याला तिथून वस्त्रे मिळत. थोरल्या बाजीरावांना ती १७२० साली शाहू महाराजांनी दिली, आणि पुढे सातारची गादी कितीही दुबळी झाली तरी वस्त्रांसाठी तोंड तिकडेच करावे लागे. अभिषेक एकाचा आणि कारभार दुसऱ्याचा, हा भेद शनिवार पेठेत वाढलेल्या पोरालाही कळतो. ख्रिस्ती धर्मातल्या एका फार जुन्या वादात शिरायला एवढे भांडवल पुरे आहे. म्हणून या पुस्तकाच्या दाराशी ‘हा आपला विषय नव्हे’ म्हणून थबकलेल्या वाचकाला मी आधी आत बोलावतो. विषय आपला आहे. निदान त्याच्या खुणा आपल्या घराच्या आसपासच आहेत.

वाद एका शब्दाचा आहे. हिब्रूतला ‘माशिआख’ म्हणजे तेल ओतून नेमलेला. शमुवेल संदेष्ट्याने आधी शौलाच्या आणि मग दाविदाच्या डोक्यावर तेल ओतले आणि ते राजे झाले. याजकांनाही असाच अभ्यंग होई. यशयाच्या ग्रंथात तर इराणचा बादशहा कोरेश, जो यहुदी नाही, इस्राएलाच्या देवाचा उपासकही नाही, त्यालाही हाच शब्द लावला आहे. म्हणजे मुळात ती काम सोपवल्याची खूण. तिचे ग्रीक भाषांतर ‘ख्रिस्तोस’, आणि त्यावरून आपला ‘ख्रिस्त’. मराठीत येशू ख्रिस्त हे नाव-आडनावासारखे जोडून म्हणायची सवय लागली आहे, पण त्या दोन शब्दांत एक अख्खे विधान दडले आहे: नासरेथचा येशू हाच तो अभिषिक्त. ‘मसीहा’ हे त्याच शब्दाचे रूप मात्र आपल्याकडे हिंदी-उर्दूच्या वाटेने, सिनेमातून आणि निवडणुकीच्या फलकांवरून आले. ‘गोरगरिबांचा मसीहा’ हा अर्थ वाचकाने काही काळ खुंटीला टांगून ठेवावा. पुढे तो पुन्हा लागेल.

या विधानाला ‘नाही’ म्हणणारे लोकही महाराष्ट्राला शेकडो वर्षे ठाऊक आहेत. कोकणातले बेने इस्राएल तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी ते बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. त्यांच्या घरी नवस फेडताना, शुभकार्याच्या वेळी मलिदा करतात: गोड पोहे, फळे आणि एलिया संदेष्ट्याचे स्मरण. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाच्या रथाची खूण दाखवतात. आता हा एलिया कोण? मलाखीच्या ग्रंथाप्रमाणे परमेश्वराच्या त्या थोर दिवसाआधी येणारा, आणि यहुदी परंपरेत मसीहाची वर्दी देणारा. ख्रिस्ती म्हणतात, वर्दी देऊन झाली, बाप्तिस्मा करणारा योहान हाच तो एलिया. बेने इस्राएल कुटुंब आजही मलिद्याचे ताट मांडते. त्यांचे म्हणणे साधे आहे: मसीहा आला असता तर जगात शांती नांदली असती, आणि ती कुठे दिसते? यावर ख्रिस्ती उत्तर असे की येणे दोनदा आहे. एकदा दुःख सोसायला, एकदा न्याय करायला. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातल्या मार खाणाऱ्या सेवकाला त्यांनी मसीहाच्या जागी बसवले. रोमन सत्तेने चोरांच्या शेजारी टांगलेला माणूस दाविदाच्या गादीचा वारस कसा, या प्रश्नातून नवा करार लिहिला गेला असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

पुढचा प्रश्न मात्र वाड्यासमोरचाच. या अभिषिक्ताची सत्ता स्वतःची की मिळालेली? अलेक्झांड्रियाच्या आरियसचे म्हणणे थोडक्यात असे की पुत्र कितीही थोर असला तरी पित्याने निर्माण केलेला. पेशवाई ढंगात सांगायचे तर त्याला वस्त्रे मिळाली. ३२५ साली नायसीयाच्या परिषदेने हे नाकारले आणि पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असे ठरवले. ४५१ साली काल्सिदोनला दुसरे टोक बांधले गेले: तो पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य, दोन्ही स्वभाव न मिसळता, न तुटता. उपमा इथे सोडून द्यावी, कारण पेशवा आणि छत्रपती एकतत्त्व असल्याचे कोणी कधी म्हटले नाही. इथे मराठी वाचक हमखास म्हणतो, मग अवतारच की! घाई करू नये. अवतार पुन्हा पुन्हा होतात आणि कार्य संपले की निजधामाला जातात. इथे येणे एकदाच, आणि मरण हाच कार्याचा गाभा.

हे वाद ग्रीकांनी करून संपवले असे मला विद्यार्थिदशेत वाटे. मग पंडिता रमाबाईंची पत्रे हाती आली. १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती प्रसिद्ध केली, आणि माझ्या मते मराठी माणसाने या क्षेत्रात यायचे तर याच दाराने यावे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेजला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर लगेचच त्या आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रातून भांडू लागल्या. येशू हा देवाने पाठवलेला मसीहा, हे मान्य. पण तीन व्यक्ती मिळून एक देव हे सूत्र त्यांच्या बुद्धीला पटेना, आणि अथानेशियसच्या नावाने चालणारा मतांगीकार म्हणायला त्या तयार होईनात. क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, हाही त्यांचा प्रश्न. चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांच्याशी झालेला पत्रव्यवहार जास्त शांत आणि जास्त खोल आहे. बील उत्तर देण्याची घाई करत नाहीत. गंमत अशी की रमाबाईंना या धर्माकडे वळवण्यात ज्यांच्या लेखनाचा मोठा वाटा, ते नीळकंठशास्त्री गोरेही त्यांच्यासारखेच कोकणस्थ, शास्त्र्याच्या घरातले. १८४८ साली ख्रिस्ती झालेल्या या काशीच्या पंडिताने नायसीयाचा शब्द न् शब्द स्वीकारला होता. एकाच संस्कारातली दोन माणसे, एकाच मसीहाला मानणारी, आणि त्याच्या स्वरूपाबद्दल अशी वेगळी. रमाबाईंची भूमिका पुढे बदलली. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नंतर मिळाला, असे त्यांनी १९०७ च्या आपल्या निवेदनात सांगितले. हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी केलेले बायबलचे भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली बाहेर आले.

या आधीही मराठीत हा विषय होता. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राचोल इथे छापले गेले. दहा हजारांवर ओव्या, आणि त्यांतले अख्खे पहिले पुराण तारणाऱ्याची वाट पाहण्यात जाते. पुराण ऐकणाऱ्या श्रोत्याला वाट पाहण्याची गोडी ठाऊक असते, हे या इंग्रज जेझुइटाने बरोबर ओळखले. तीन शतकांनी रेव्हरंड टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभले. ते अपुरे राहिले आणि लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. टिळकांचा ख्रिस्त गुरू आहे, माउली आहे. राजा हा शब्द त्यांच्याकडे येतो, पण दरबार भक्तांचा असतो.

आणि महात्मा फुले. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीरावांनी बाप्तिस्मा घेतला नाही. पण १८७३ च्या ‘गुलामगिरी’त त्यांनी येशूला बळीराजाच्या ओळीत आणून बसवले. नायसीयाच्या धर्मपंडितांना हे वाचून घेरी आली असती. माझे मत मात्र असे की हिब्रू शब्दातली राजकीय धग ज्या मराठी लेखकांना जाणवली, त्यांत फुले पहिले. ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ म्हणणाऱ्या घरात मसीहा समजावून सांगायला टीप लागत नाही. शंभरेक वर्षांनी, १९८० च्या दशकात, अरविंद निर्मळ या मराठी धर्मपंडिताने येशू स्वतः दलित होता असे म्हणून दलित ईश्वरविज्ञानाचा पाया घातला. त्यांनीही यशयाचा तोच मार खाणारा सेवक पुढे केला. खुंटीवर टांगलेला ‘गोरगरिबांचा मसीहा’ इथे खाली काढायला हरकत नाही.

वाचायला बसण्याआधी वाचकाने एक फेरी मारावी असे सुचवतो. १८६७ चे लाल देऊळ, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग, बाहेरून पाहावे. मग गुरुवार पेठेतल्या पंचहौदावर जावे. तिथल्या १८९० च्या चहाने पुण्यात केवढे वादळ उठवले ते सगळ्यांना पाठ असते, त्या चर्चमध्ये कोणता मतांगीकार म्हणतात ते कोणी विचारत नाही. शेवटी क्वार्टर गेटजवळचे सिटी चर्च. पेशव्यांच्या पदरी असलेल्या पोर्तुगीज ख्रिस्ती शिपायांसाठी १७९२ साली त्याला जागा दिली ती सवाई माधवरावांच्या दरबाराने, म्हणजे आमच्या पेठेतल्या याच वाड्याने. सवाई माधवराव तेव्हा अठरा वर्षांचे होते. त्यांची स्वतःची वस्त्रे साताऱ्याहून पुरंदर गडावर आली तेव्हा ते चाळीस दिवसांचे होते.